कारस्थानाचा ग्रंथ : चिरोल, टिळक आणि रायपूरचे सप्रे

सन १९१० मध्ये लंडनच्या मॅकमिलन कंपनीने व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराचा ‘इंडियन अनरेस्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्या सुमारास, ज्या पुरुषास त्या ग्रंथाने हिंदुस्थानातील साऱ्या असंतोषाचे जनकत्व बहाल केले होते तो पुरुष मंडालेच्या तुरुंगातील लाकडी कोठडीत बसून ‘गीतारहस्य’ लिहीत होता. आणि पुढे त्याच ‘गीतारहस्या’चा हिंदी अवतार ज्यांच्या लेखणीतून सिद्ध झाला ते माधवराव सप्रे आमच्या रायपूरचे. एक ग्रंथ लंडनचा, एक मंडालेचा आणि एक रायपूरचा, असे हे तीन धागे एकमेकांत कसे गुंतले होते हे पाहू लागले म्हणजे जुन्या ग्रंथसंग्रहांतील एका विशिष्ट जातीच्या पुस्तकाकडे, ज्यास ‘कारस्थानाचा ग्रंथ’ असेच नाव द्यावे लागेल त्याकडे, अधिक सावधपणे पाहण्याची आवश्यकता ध्यानात येते.

या जातीच्या ग्रंथाचे प्रतिपादन स्थूलमानाने एकच असते. समाजात जेव्हा एखादे प्रचंड स्थित्यंतर होते, सिंहासने डळमळू लागतात, कालपर्यंत निमूट असलेली प्रजा बोलू लागते, तेव्हा त्याची कारणे दुष्काळात, करांत, राज्यकर्त्यांच्या अन्यायात किंवा लोकांच्या पालटलेल्या विचारांत शोधण्याऐवजी, कोठे तरी बंद दाराआड शपथबद्ध झालेल्या मूठभर माणसांच्या गुप्त मंडळात शोधावयाची, आणि मग लोकांना दिसणारी प्रत्येक घडामोड त्या मंडळाच्या अदृश्य सूत्राने हलणारी आहे असे दाखवावयाचे, ही त्याची रीत. युरोपात या रीतीचा पाया घातला तो आबे बॅर्युएल नामक एका फ्रेंच धर्मोपदेशकाने. राज्यक्रांतीच्या वावटळीतून निसटून लंडनच्या आश्रयास आलेल्या या विद्वान गृहस्थाने १७९७-९८ मध्ये अनेक खंडांचा एक ग्रंथ लिहून असा सिद्धांत मांडला की, फ्रान्समधील क्रांती ही उपाशी प्रजेची नव्हे. ती तत्त्वज्ञ, फ्रीमेसन मंडळी आणि बव्हेरियातील ‘इल्युमिनाटी’ या तिघांनी अनेक वर्षे आधी रचलेल्या कटाची निष्पत्ती होय. त्याच १७९७ साली एडिंबरोच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या जॉन रॉबिसनने स्वतंत्रपणे जवळजवळ हेच प्रतिपादन केले.

यातील इल्युमिनाटी ही संस्था काल्पनिक नव्हती. इंगोलश्टाटच्या विद्यापीठातील आडाम वाइसहाउप्ट या प्राध्यापकाने १ मे १७७६ रोजी ती स्थापिली होती. तीत गुप्त नावे, पायऱ्या आणि शपथा होत्या. बव्हेरियाच्या सत्ताधीशाने १७८४ व १७८५ च्या हुकुमांनी ती मोडली, पुढे तिचे कागद झडतीत सापडले आणि सरकारनेच ते छापून जगापुढे ठेवले. म्हणजे बॅर्युएलच्या हाती कागद होते ते खरे होते. खोटी होती ती त्या कागदांपासून बॅस्तिलच्या तटापर्यंत त्याने ओढलेली रेघ. कारण १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद प्रत्यक्ष भूषविलेल्या मूनिए याने १८०१ साली एक सबंध पुस्तक लिहून, आपण ज्या घटना डोळ्यांनी पाहिल्या त्यांत या मंडळ्यांचा हात कोठे नव्हता हे दाखवून दिले. तथापि मूनिएचे पुस्तक आज कोणाच्या स्मरणात नाही आणि बॅर्युएलची शिष्यपरंपरा मात्र अद्याप चालू आहे. सत्य कागद आणि असत्य संबंध यांचे मिश्रण हे निव्वळ थापेपेक्षा किती तरी अधिक टिकाऊ असते, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

आपल्याकडेही या जातीचा एक आद्य ग्रंथ आहे आणि त्याचे जन्मस्थान रायपूरपासून फार दूर नाही. नरसिंहपूर, सागर व जबलपूर या मुलखात मुलकी अंमल गाजविलेल्या विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने १८३६ साली कलकत्त्यास ‘रामासिआना’ नावाचे पुस्तक छापविले. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश असे त्याचे बाह्य रूप असले, तरी त्यात पकडलेल्या ठगांशी झालेले दीर्घ संवाद आणि जबान्या आहेत, आणि त्या सर्वांतून देशभर पसरलेल्या, भवानीच्या उपासनेने बांधलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या एका गुप्त पंथाचे चित्र उभे केलेले आहे. वाटसरूंना रुमालाने फास घालून मारणाऱ्या टोळ्या होत्या आणि त्यांनी पुरलेली प्रेते स्लीमनने उकरून काढली, याविषयी शंका नाही. परंतु पेंढाऱ्यांचा मोड झाल्यावर, फौजांतून बरखास्त झालेले शिपाई आणि ओसाड पडलेल्या गावांतील निराधार माणसे यांनी पोटासाठी चालविलेली लूट कोठे संपते आणि धर्मपंथ कोठे सुरू होतो, हा प्रश्न अलीकडच्या इतिहासकारांनी गंभीरपणे विचारला आहे; कारण त्या चित्राचा फार मोठा भाग माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेला आहे, आणि ज्याचा जीव साहेबाला हवे ते सांगण्यावर अवलंबून आहे त्याची जबानी तराजूत घालताना न्यायाधीशाने जेवढी खबरदारी घ्यावयाची तेवढीच इतिहासकारानेही घेतली पाहिजे. १८३६ च्याच ३० व्या कायद्याने, एखादा विशिष्ट खून शाबीत न होताही, केवळ ठगांच्या टोळीत असणे हा जन्मठेपेचा अपराध ठरला. ग्रंथ आणि कायदा एकाच वर्षी निघाले हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारस्थानाचा ग्रंथ कपाटात असतो तोपर्यंत त्याचा उपद्रव मर्यादित असतो. तो सरकारी दफ्तरात शिरला म्हणजे माणसांच्या आयुष्यांवर त्याचा अंमल सुरू होतो.

आता चिरोल यांच्याकडे वळू. हा मनुष्य सामान्य लेखक नव्हता. लंडन ‘टाइम्स’च्या परराष्ट्र विभागाचा तो अनेक वर्षे प्रमुख होता, पूर्वेकडील देशांत त्याने पुष्कळ प्रवास केला होता, हिंदुस्थानावरील त्याचे लेख प्रथम ‘टाइम्स’मधून क्रमशः आले आणि मग त्यांचा ग्रंथ झाला, त्यास सर आल्फ्रेड लायल यांच्यासारख्या जुन्या मुत्सद्द्याची प्रस्तावना लाभली. ग्रंथात दक्षिणेतील ब्राह्मण्य आणि असंतोष यांवर एक प्रकरण आहे, पुणे व कोल्हापूर यांवर एक आहे, बंगाल, पंजाब व आर्यसमाज यांवर आहेत, हिंदुस्थानाबाहेरील क्रांतिकारक मंडळांवरही आहे. माहितीचा साठा विपुल आहे, आणि ज्यांना त्या काळाचा अभ्यास करावयाचा आहे त्यांनी हा ग्रंथ आजही वाचावा असे आमचे प्रामाणिक मत आहे. पण त्या माहितीच्या मणिमाळेत जो दोरा ओवला आहे तो असा की, पुण्याच्या चित्पावन ब्राह्मणांस गमावलेली पेशवाई परत हवी होती. त्यासाठी त्यांनी धर्माचा, गाईचा, गणपतीचा, शिवाजी महाराजांच्या नावाचा, तालमी-आखाड्यांचा आणि शाळकरी पोरांचा उपयोग केला. आणि रँडचा खून काय, जॅक्सनचा खून काय, ही त्या एकाच वृक्षास आलेली फळे होत, ज्याचे बीज टिळकांनी पेरले.

चाफेकर बंधू खरे होते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्यांच्याकडून पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली हे खरे आहे. नाशकात प्रथम ‘मित्रमेळा’ आणि पुढे ‘अभिनव भारत’ या नावाने खरीखुरी गुप्त संस्था होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनचा वध केला, आणि १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. ही सर्व माणसे मराठी होती, ब्राह्मण होती, ‘केसरी’ वाचीत होती. येथवर चिरोल यांचे पाऊल जमिनीवर आहे. परंतु प्लेगच्या दिवसांत पुण्यातील घराघरांत गोरे शिपाई घुसले आणि बायकामाणसांच्या अब्रूची पर्वा न करता झडत्या झाल्या, हे कारण पुण्यातील प्रत्येक गल्ली जाणत असताना, ते बाजूस सारून पेशवाईच्या स्वप्नाकडे धाव घ्यावयाची, हा बॅर्युएलचाच वारसा. १८९६-९७ च्या दुष्काळात, कायद्यानेच दिलेली शेतसाऱ्याची सूट मागा, असे टिळकांनी कुणब्यांना सांगितले ते छापील पत्रकांतून आणि जाहीर सभांतून. १८९४ पासून गणेशोत्सवास त्यांनी जे रूप दिले ते भर रस्त्यात, ढोल-ताशांच्या गजरात. ‘केसरी’ दर मंगळवारी बाजारात मिळत होता आणि त्याची एक प्रत सरकारी भाषांतरकाराच्या मेजावर न चुकता जात होती. ज्या गोष्टी गुप्त नव्हत्याच त्यांच्या मागे गुपित शोधणे, हे या ग्रंथाचे मुख्य वैगुण्य होय. १९०८ मध्ये टिळकांस सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस काम बंद करून रस्त्यावर आले. कोणत्याही शपथबद्ध मंडळाच्या हातून एवढे घडणे शक्य नाही.

एका बाबतीत मात्र मराठी वाचकाने स्वतःलाही बजावले पाहिजे. महात्मा फुले यांनी ब्राह्मणी वर्चस्वावर जे कोरडे ओढले, वेदोक्त प्रकरणात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचा जो उपमर्द झाला, आणि २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने महाराजांनी आपल्या संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी ज्या कारणाने राखून ठेवल्या, ती कारणे खरी होती, दिवसाढवळ्या दिसणारी होती आणि त्यांची चर्चा उघडपणे झाली. चिरोल यांनी त्या न्याय्य गाऱ्हाण्याचा उपयोग कटाच्या सिद्धांताचा एक खांब म्हणून केला. पण त्यामुळे सिद्धांत टाकून देताना ते गाऱ्हाणेही त्याच्याबरोबर केरात टाकण्याची जी सवय आमच्यातील काही सुशिक्षितांस जडली, ती तितकीच निषेधार्ह आहे.

कारस्थानाच्या ग्रंथाची खरी परीक्षा कोणती, असे कोणी विचारील तर आम्ही कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाव घेऊ. त्यांच्या ‘कीचकवध’ नाटकाचा चिरोल यांच्या ग्रंथात सविस्तर परामर्श आहे: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, भीम म्हणजे जहाल पक्ष, असा तो अर्थ, आणि तो चुकीचाही नव्हता, सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. पण हे नाटक हजारो प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहिलेले, त्यात गुप्त ते काय होते? याच खाडिलकरांनी, ‘केसरी’त काम करणाऱ्या तरुण वयात, नेपाळात जाऊन कौलांच्या कारखान्याच्या मिषाने शस्त्रे तयार करण्याचा घाट घातला होता, आणि टिळकांस व वासुकाका जोशी यांस त्याची माहिती होती, असे मराठी चरित्रकार पुढे स्वातंत्र्याच्या वातावरणात मोकळेपणी लिहू लागले. म्हणजे गुपित होते! पण ते चिरोल यांच्या ग्रंथात नाही. जे रंगभूमीवर दिव्यांच्या प्रकाशात चालले होते त्याचे कारस्थान म्हणून वर्णन करण्यात त्यांनी पाने खर्ची घातली, आणि हिमालयाच्या कुशीत जे खरोखर लपवून चालले होते त्याचा मागमूसही त्यांना लागला नाही. खऱ्या गुप्त कामाचे स्वरूपच असे असते की ते अल्प असते, अपुऱ्या पैशावर चालते, बहुधा अयशस्वी होते आणि त्याचा ग्रंथ होण्याइतका पसारा कधीच नसतो.

रायपूरकडे येताना प्रथम हे सांगितले पाहिजे की, या शहरातील मराठी वस्ती काही काल-परवाची नव्हे. १७५८ पासून रतनपुरास बिंबाजी भोसल्यांचा अंमल होता; १८१८ नंतर इंग्रजी देखरेखीत राजधानी रायपुरास आली; १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. भोसल्यांच्या चाकरीत आणि पुढे इंग्रजी कचेऱ्यांत, शाळांत व वकिलीत आलेली मराठी कुटुंबे तात्यापारा, बूढापारा या भागांत स्थायिक झाली. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावचा, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडचे, पदवी १८९९ ची. सरकारी नोकरीचा मार्ग सोडून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. सहसंपादक रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशनाचा भार वाहणारे रायपूरचे वामन बळीराम लाखे, अशी तीन मराठी माणसे हिंदीची सेवा करण्यास एकत्र आली, आणि हिंदी कथेच्या आरंभकालात ज्या कथेचे नाव आदराने घेतले जाते ती ‘एक टोकरी भर मिट्टी’ त्याच मासिकात १९०१ मध्ये सप्रे यांनी लिहिली. तीन वर्षांनी मासिक बंद पडले. नंतर १३ एप्रिल १९०७ पासून नागपुराहून ‘हिंदी केसरी’ निघू लागला. पुण्याच्या ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्याचे ते साधन.

त्याच वर्षी रायपुरात मध्यप्रांताची राजकीय परिषद भरली आणि ‘वंदे मातरम्’ म्हणावे की नाही यावरून दादासाहेब खापर्डे यांच्या जहाल बाजूचा व मवाळांचा उघड खटका उडाला. पुढच्या वर्षी मुजफ्फरपूरच्या बॉम्बनंतर सरकारने जो बडगा उगारला त्यात नागपूरच्या ‘देशसेवक’चे अच्युतराव कोल्हटकर तुरुंगात गेले, आणि ऑगस्ट १९०८ मध्ये सप्रे यांस राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. नोव्हेंबरमध्ये, कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून, त्यांनी माफीपत्र लिहून दिले व ते सुटले. या एका कृत्याची टोचणी त्यांना आयुष्यभर राहिली. वर्ध्याजवळच्या हनुमानगढी त्यांनी रामदासी दीक्षेत काळ घालविला, माधुकरी मागितली, ‘दासबोधा’चे पारायण केले, रायपुरास परतल्यावर रामदासी मठ काढला, ‘दासबोध’ हिंदीत आणला, मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा उभारली, आणि १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ थोड्याच काळात हिंदीत उतरविले. पुढे १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचा अंत झाला.

आता हीच वस्तुस्थिती चिरोल यांच्या पद्धतीने मांडून पाहावी. ब्राह्मण, मूळचा कोकणचा, पुण्याच्या पत्राचा हिंदी प्रतिनिधी, राजद्रोहात सापडलेला, माफीनंतर अकस्मात वैरागी झालेला, ज्या समर्थांस शिवछत्रपतींचे गुरू मानतात त्यांच्या नावाचा मठ चालविणारा, मंडालेच्या कैद्याचा ग्रंथ उत्तर हिंदुस्थानच्या भाषेत फैलावणारा, आणि मुलींच्या शाळेच्या मार्गाने घराघरांत प्रवेश असलेला! पुणे-नागपूर-रायपूर अशी साखळी तयार होण्यास आणखी काय हवे? यातील एकही विधान खोटे नाही आणि तरी त्यातून निघणारे अनुमान सर्वस्वी खोटे आहे. मठ रस्त्यावर होता, पाठशाळेचे दार उघडे होते, ग्रंथ किमतीसह छापलेला होता. एक हळव्या मनाचा, पश्चात्तापाने पोळलेला, भाषेवर नितांत प्रेम करणारा मनुष्य आपल्या चुकीचे परिमार्जन करीत होता. हे परिमार्जन समजण्यासाठी माणूस ओळखावा लागतो. कारस्थानाचा ग्रंथ माणसे ओळखीत नाही, तो फक्त दुवे मोजतो.

टिळक १९१४ च्या जून महिन्यात सुटून आले आणि त्यांनी चिरोल व मॅकमिलन कंपनी यांजवर बेअब्रूचा दावा लावला. गोरक्षण, तालमी, धमकावून पैसे उकळल्याचा आरोप, ताईमहाराज प्रकरण, रँड व जॅक्सन यांचे खून, अशी कलमे त्यात होती. यांपैकी ताईमहाराज प्रकरण विशेष बोलके आहे: दत्तकविधानाच्या त्या दीर्घ वादात मुंबईच्या हायकोर्टाने १९१० मध्ये टिळकांविरुद्ध दिलेला निकाल चिरोल यांना आयताच मिळाला, पण प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये तो फिरवून टिळकांची बाजू ग्राह्य धरली. असे असूनही लंडनमध्ये जानेवारी-फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे खटला चालला तेव्हा, टिळकांकडून सर जॉन सायमन उभे असतानाही, चिरोल यांचे वकील सर एडवर्ड कार्सन यांनी ‘केसरी’तील जुने उतारे आणि १८९७ व १९०८ च्या शिक्षा ज्यूरीपुढे एकामागून एक ठेवून दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लावून घेतला. चिरोल यांच्या साह्यास मुंबई सरकारचे दफ्तर उघडे होते. टिळकांवर लक्षावधी रुपयांचा बोजा पडला आणि तो भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने निधी जमविला. तथापि एक गोष्ट अबाधित आहे: टिळकांस झालेल्या त्या दोन्ही शिक्षा लेखांबद्दलच्या होत्या, कोणत्याही खुनात त्यांचा हात होता असे कोणत्याही फौजदारी न्यायालयात कधीही शाबीत झाले नाही. लंडनच्या ज्यूरीने निर्णय दिला तो बेअब्रूच्या दाव्यावर. इतिहासाचा निर्णय करणे तिचे काम नव्हते.

याच सुमारास तो ग्रंथ दफ्तरात शिरत होता. न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९१७ मध्ये नेमलेल्या समितीने बंद दाराआड साक्षी घेऊन १९१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. आणि त्या अहवालाच्या आरंभीच्या मुंबई इलाख्यावरील प्रकरणात गणेशोत्सव, शिवाजी उत्सव, चाफेकर, चित्पावन असा जो क्रम लावला आहे तो आठ वर्षांपूर्वीच्या चिरोल यांच्या मांडणीशी जुळता आहे. त्यात मध्यप्रांतासाठीही स्वतंत्र प्रकरण आहे. ज्यांच्याविषयी त्यात मजकूर आहे त्यांना कैफियत देण्याची संधी नव्हती, वकील देण्याची मुभा नव्हती. मार्च १९१९ मध्ये, म्हणजे चिरोल खटल्याचा निकाल लागल्यानंतर अवघ्या महिन्याभरात, विनाचौकशी अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारास देणारा रौलट कायदा झाला, आणि त्याच्या प्रतिकारातून १३ एप्रिलचे जालियनवाला बाग घडले. ‘इंडियन अनरेस्ट’मुळे हे घडले असे म्हणणे म्हणजे चिरोल यांचाच दोष स्वतः करणे होईल. परंतु उघड लोकमताची भाषा ज्यांना ऐकू येत नाही आणि प्रत्येक सभेमागे शपथ दिसते, अशी राज्यकर्त्यांची जी दृष्टी बनली, ती घडविणाऱ्या पुस्तकांत या पुस्तकाचे स्थान वरचे आहे हे निःसंशय.

रायपुरास खरा कटाचा खटलाही ठाऊक आहे. १९४२ मध्ये परसराम सोनी व त्यांचे सोबती गिरीलाल यांनी येथे पिस्तुले तयार करण्याचा खटाटोप केला. एका परिचिताच्या फितुरीने जुलैत सोनी पकडले गेले आणि ‘रायपूर षड्यंत्र खटला’ या नावाने तो उभा राहून त्यांना दीर्घ शिक्षा झाल्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे, एक लोहाराचे हत्यारघर, एक फितूर: एवढाच तो कट. त्याच वर्षी याच शहरात हजारो माणसे उघडपणे रस्त्यावर उतरली होती, आणि इंग्रजांचे राज्य गेले ते त्या हजारोंमुळे अधिक, असे आमचे मत आहे. सोनी यांच्या धैर्याविषयी आमच्या मनात पूर्ण आदर असूनही.

तेव्हा ज्या वाचकाच्या हाती एखाद्या जुन्या संग्रहातून ‘इंडियन अनरेस्ट’ येईल त्याने तो जरूर वाचावा, मात्र वाचताना प्रत्येक पानावर घटना कोणती, दोन घटनांमधील संबंध कोणी जोडला, आणि हेतू कोणाच्या तोंडून वदविला, हे तीन प्रश्न निरनिराळे ठेवावेत; आणि शेजारी न. चिं. केळकरांनी लिहिलेले टिळकचरित्र उघडे असावे. त्याहून निकडीची विनंती रायपूरच्या जुन्या मराठी घरांना आहे. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकांत ‘छत्तीसगढ मित्र’चे किंवा ‘हिंदी केसरी’चे अंक, सप्रे यांची हस्तलिखिते, लाखे-चिंचोलकरांचा पत्रव्यवहार यांपैकी काही शिल्लक असेल तर ते रद्दीत घालू नये. सप्रे यांच्याच नावाचे वृत्तपत्र-संग्रहालय १९८४ पासून भोपाळात आहे. तेथे ते कागद सोपवावेत, आणि मूळ प्रत देण्यास मन होत नसेल तर निदान तिची नक्कल तरी तेथे ठेवावी.